घरफोडीपासून घर सांभाळायचं तर सुरुवात कुठून करू? सल्ला हवा आहे

शेवंती

मंडळी, गेल्या आठवड्यात आमच्यापासून दोन घरं सोडून भरदिवसा घरफोडी झाली. घरातले सगळे कामावर गेलेले. मागचं दार कटावणीने उचकटलं, कपाटं उलटीपालटी केली आणि दागिने, रोकड, लॅपटॉप घेऊन पसार. शेजारीपाजारी कुणाला चाहूलही लागली नाही. तेव्हापासून माझी आई दुपारी घरात एकटी असली की सगळ्या खोल्यांचे दिवे लावून बसते. मला ते बघवत नाही.

आमचं घर तळमजल्यावर आहे, स्वतःचं आहे. पुढचं दार लाकडी, त्याला लॅच आणि आतून कडी. मागे सरकतं काचेचं दार. खिडक्यांना जाळ्या आहेत, फक्त बोळाकडच्या एका खिडकीला नाही. भाऊ म्हणतो कॅमेरे लाव, नवरा म्हणतो अलार्म घे, आई म्हणते आधी तिजोरी आणा. सगळं एकदम जमणार नाही. आधी काय करावं? ज्यांनी हे केलंय किंवा ज्यांचं हे काम आहे त्यांनी मोकळेपणाने सांगा.

रंधा

शेवंतीताई, तिन्ही नंतर. आधी दार.

मी सुतारकाम करतो आणि फोडलेली दारं दुरुस्त करायला मला बोलावतात. अशा घरी बरेचदा कुलूप शाबूत असतं, फुटलेली असते ती चौकट. आजच एक करून बघा. पुढचं दार उघडा. लॅचची जीभ चौकटीत जिथे शिरते तिथे एक पातळ धातूची पट्टी असते. तिचा एक स्क्रू काढून तळहातावर घ्या. दीड-दोन सेंटिमीटरचा असेल, आणि त्याच्या आट्यांत लाकडाचा भुसा अडकलेला दिसेल. तुमचं कुलूप कितीही भारी असलं तरी शेवटी ते या स्क्रूने धरलेल्या लाकडावर उभं आहे. कटावणी घातली किंवा जोरात दोन लाथा घातल्या की तेवढी चीप निघते आणि दार उघडतं.

उपाय साधा आहे. पट्टी जाड पोलादाची आणि लांब घ्या, आणि स्क्रू निदान ७५ मिलिमीटरचे, म्हणजे चौकट ओलांडून मागच्या भिंतीत जातील असे. भिंत विटांची किंवा काँक्रीटची असेल तर नुसता लांब स्क्रू धरत नाही, भोक पाडून चौकटीसाठी मिळणारे लांब प्लग बसवून घ्या. बिजागऱ्यांनाही हेच करा. बिजागरीची पिन बाहेरच्या बाजूला असेल तर ती ठोकून काढता येते. तिथे पिन न निघणारी बिजागरी लावा, नाहीतर बिजागरीच्या बाजूने दारात पोलादी खुंट्या बसवा, दार मिटलं की त्या चौकटीत शिरतात.

आता लॅच. त्याची जीभ तिरकी आणि स्प्रिंगची असते, त्यामुळे दार नुसतं ओढून घेतलं असेल तर फटीतून प्लॅस्टिकचं कार्ड सारून ती मागे ढकलता येते. त्याच्या जोडीला चौकोनी दांड्याचं डेडबोल्ट हवंच. दांडा किमान २५ मिलिमीटर बाहेर यायला हवा, आणि जाताना ते किल्लीने लावायला हवं. ‘पाच मिनिटांत येते’ म्हणून नुसतं दार ओढून जाणं बंद करा. किल्ली घालायचं सिलिंडर दाराच्या पट्टीच्या बाहेर डोकावत असेल तर त्यावर बोट फिरवून बघा. ३ मिलिमीटरहून जास्त बाहेर आलेलं सिलिंडर पकडीत धरून मोडता येतं. नेमक्या लांबीचं, न मोडणारं सिलिंडर मागा.

सरकत्या दाराचं दुखणं वेगळं. त्याची खिट्टी नावापुरती असते, आणि काही दारं बाहेरून उचलून रुळावरून काढता येतात. खालच्या रुळात नेमक्या लांबीची दांडी आडवी टाका, म्हणजे दार सरकणार नाही. वरच्या रुळात एक-दोन स्क्रू असे बसवा की दार सरकेल पण उचललं जाणार नाही. हे काम एका दुपारचं आहे.

कंदील

रंधादादांनी सांगितलं ते सगळं करा, आणि लवकर करा. घाईचं कारण आहे. एक घर फुटलं की पुढचे काही आठवडे त्याच घराला आणि आसपासच्या घरांना धोका वाढलेला असतो. चोराला वाटा कळलेल्या असतात, एकसारख्या घरांची रचना माहीत झालेली असते, आणि चोरीला गेलेल्या वस्तू लोक नव्याने आणणार हेही तो जाणतो. इंग्लंडमध्ये रॉचडेलच्या कर्कहोल्ट वसाहतीत १९८६-८७च्या सुमारास यावर काम झालं होतं. एकदा फुटलेल्या घरांवरच सगळा भर दिला: कुलपं मजबूत केली, नाणी टाकून चालणारी गॅसची आणि विजेची मीटरं काढली, कारण चोर त्यातली रोकड नेत, आणि लगतच्या पाच-सहा घरांना एकमेकांवर लक्ष ठेवायला सांगितलं. पाच महिन्यांत घरफोड्या आधीच्या ४० टक्क्यांवर आल्या. म्हणून तुम्ही त्या फुटलेल्या घरच्यांशी बोला. चोर कुठून आला, कुठून गेला, किती वाजता, हे विचारा. तुमच्या घरालाही तीच वाट असेल तर तिथून सुरुवात करा. त्यांनाही या दिवसांत कुणीतरी चौकशी केलेली हवीच असेल.

नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठाच्या आंद्रोमाखी त्सेलोनी आणि सहकाऱ्यांनी इंग्लंड-वेल्सच्या गुन्हे सर्वेक्षणातून कुठल्या उपायांच्या जोडीने घर वाचतं हे तपासलं. चार गोष्टी एकत्र असलेली घरं सर्वांत सुरक्षित निघाली: खिडक्यांना कुलपं, घरात टायमरवर लागणारे दिवे, दारांना दुहेरी किंवा डेडलॉक, आणि बाहेर सेन्सरवर लागणारे दिवे. काहीच नसलेल्या घरापेक्षा ४९ पट संरक्षण, असा त्यांचा हिशोब आहे. या चौकडीत ना कॅमेरा, ना अलार्म.

पाऊलवाट

अलार्मला इतक्या सहज बाद करू नका, कंदील. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या शार्लट शाखेतल्या जोसेफ कून्स यांनी घरफोडीसाठी तुरुंगात असलेल्या ४२२ जणांना विचारलं होतं. सुमारे ८३ टक्के म्हणाले, आत शिरण्याआधी अलार्म आहे का ते आम्ही बघतो. ६० टक्के म्हणाले, अलार्म असेल तर दुसरं घर शोधतो. आई दुपारी एकटी असते, तिला एक बटण दाबलं की आवाज होईल हा आधार मोठा आहे. मी तर म्हणेन तिच्या पलंगाशेजारी बटण असलेलाच अलार्म घ्या.

कंदील

आईच्या बटणाबद्दल पूर्ण सहमत, ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. पण चोर काय म्हणतात आणि प्रत्यक्षात कोणती घरं फुटतात, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अलार्म वाजला आणि कुणी आलंच नाही, तर कमकुवत दारामागे तो नुसता आवाज आहे. दार टिकलं तर त्या आवाजाला अर्थ येतो, कारण चोराला आत शिरायला लागणारी मिनिटं वाढतात. त्याला वेळ आणि गोंगाट दोन्ही नको असतात. युरोपातलं दार-खिडक्यांचं ईएन १६२७ हे मानक मिनिटांतच बोलतं: आरसी २ वर्गाच्या दाराने स्क्रूड्रायव्हर-पकडीसारख्या साध्या हत्यारांपुढे ३ मिनिटं टिकायचं, आरसी ३ वर्गाच्या दाराने कटावणीपुढे ५. ऐकायला कमी वाटतं, पण भरदिवसा बोळात उभं राहून दार उचकटणाऱ्याला ती मिनिटं फार लांब वाटतात.

मधलाखांब

कॅमेऱ्यांबद्दल माझा अनुभव. ते चोरी थांबवतीलच असं नाही, पण कोण आलं-गेलं ते नंतर कळतं. लावायचेच असतील तर एक कॅमेरा माणसाच्या डोळ्यांच्या उंचीच्या जवळपास, येण्याच्या वाटेवर हवा. छताजवळ टांगलेल्या कॅमेऱ्यात टोपी तेवढी दिसते. चित्रण साठवणारा डबा टीव्हीखाली ठेवू नका, चोर तोही उचलून नेतो. वायफायवर चालणारे कॅमेरे बंद पाडता येतात, म्हणून निदान एक तरी केबलचा घ्या.

कंपनीने दिलेला पासवर्ड पहिल्या दिवशी बदलायचाच. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरातले लाखो कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले होते, ते याच न बदललेल्या पासवर्डांमुळे. स्वतःच्याच घराचं चित्रण अनोळखी माणसाच्या हाती जाणं ही चोरीइतकीच वाईट गोष्ट आहे. खोल्यांच्या आत कॅमेरा नको, असं माझं स्पष्ट मत.

टिपणवही

तिजोरीचं मी सांगते. आईचं म्हणणं चुकीचं नाही, पण ‘तिजोरी’ या नावाखाली पत्र्याचे डबेही विकले जातात. आगीपासून वाचवणारी आणि चोरीपासून वाचवणारी या दोन वेगवेगळ्या जाती आहेत. आगीच्या तिजोरीत पातळ पत्र्यांच्या मधे उष्णता अडवणारा भराव असतो, ती कटावणीने उघडायला फार वेळ लागत नाही. चोरीसाठी ईएन ११४३-१ किंवा निदान ईएन १४४५० असा प्रमाणपत्राचा बिल्ला दाराच्या आतल्या बाजूला आहे का ते बघा. आणि ती जमिनीला किंवा भिंतीला बोल्टने पक्की बसवा. १००० किलोपेक्षा हलकी तिजोरी जखडता आली पाहिजे असं ते ११४३ मानकही म्हणतं. न बसवलेली छोटी तिजोरी म्हणजे चोरासाठी सगळा ऐवज एका पेटीत बांधून ठेवण्यासारखं आहे.

आगीच्या तिजोरीत पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क ठेवत असाल तर जपा. कागदासाठी आतलं तापमान १७७ अंश सेल्सिअसपर्यंत चालतं, डिजिटल साधनांना ५२ अंशांच्या आत लागतं.

झोपायच्या खोलीतलं कपाट, गादीखाली, साड्या-कपड्यांच्या घड्यांत, या जागा चोर सर्वांत आधी उपसतात. रोज न लागणारे दागिने बँकेच्या लॉकरमध्येच बरे.

आणि आज रात्री बसून यादी करा. प्रत्येक दागिन्याचा पुढून-मागून फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून. लॅपटॉप-टीव्हीचे अनुक्रमांक, फोनवर *#०६# दाबून येणारा आयएमईआय क्रमांक, आणि बिलं. ही यादी घराबाहेर कुठेतरी ठेवा, नातेवाइकांकडे किंवा क्लाउडवर. आमच्याकडे चोरी झाली तेव्हा पोलिसांनी दागिन्यांचं वर्णन विचारलं आणि आईला बांगड्यांवरची नक्षी सांगता सांगता रडू कोसळलं. मावशीकडे एका लग्नाचा फोटो सापडला म्हणून निभावलं.

शेवंती

खूप खूप आभार. पट्टीचा स्क्रू काढला. दोन सेंटिमीटरसुद्धा भरला नाही. सुताराला उद्याच बोलावलंय, सरकत्या दाराची दांडी नवऱ्याने आजच कापून बसवली. पलीकडच्या काकूंशी बोलले. चोर बोळातूनच आला होता, म्हणजे आमच्या जाळी नसलेल्या खिडकीवरूनच गेला असणार. तिथे जाळी करून घेतेय.

दोन प्रश्न राहिलेत. जाळी पक्की करायची की उघडणारी? आणि कधी घरी आलो आणि दार उघडं दिसलं तर काय करायचं, हे आईला नीट समजावून सांगायचंय.

रंधा

उघडणारी, ताई. आतून कुलूप लागेल अशी. आग लागली आणि दाराकडे जाता आलं नाही तर घरातल्या माणसांना दुसरी वाट हवी, प्रत्येक झोपायच्या खोलीला. तिची किल्ली खिडकीजवळच, पण बाहेरून हात घालून पोचणार नाही अशा ठरलेल्या खिळ्यावर. अंधारात आईलाही ती सापडते का, एकदा दिवे बंद करून बघा. डेडबोल्टही आतून नुसत्या मुठीने उघडणारं घ्या. दाराला किंवा शेजारी काच असेल तर मूठ नको, तिथे आतूनही किल्लीचं, आणि घरात कुणी असेल तोवर त्याची किल्ली हाताशी.

टिपणवही

दार उघडं दिसलं तर आईने आत पाऊल टाकायचं नाही, हाकही मारायची नाही. उलट पावली शेजारी जायचं आणि तिथून पोलिसांना फोन. चोर आत असू शकतो, आणि कोंडीत सापडलेला माणूस काय करेल सांगता येत नाही. पोलीस येऊन जाईपर्यंत कशाला हात लावायचा नाही, आवराआवर तर मुळीच नाही. मग बँकेची कार्डं बंद करायची, आणि किल्ल्यांचा जुडगा गेला असेल तर त्याच दिवशी सिलिंडर बदलायचं. शेजारच्या काकूंचा आणि पोलिसांचा नंबर तिच्या फोनमध्ये सर्वांत वर टाकून द्या, आणि एकदा तिच्याकडूनच काकूंना लावून घ्या.