फिरत्या डिस्कच्या रेडला ६ गिगाबिटचा पोर्ट: हा हट्ट कशासाठी?

शटरबंद (धागाकर्ता)

मत आधीच मांडतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल. फिरत्या डिस्कचा रेड (अनेक डिस्क जोडून केलेला एक संच, म्हणजे अ‍ॅरे) साटाच्या, म्हणजे डिस्क बोर्डाला जोडणाऱ्या केबलच्या, १.५, ३ आणि ६ गिगाबिट वेगांवर तपासायचा, रंगीत आलेख काढायचे आणि मग नवं कार्ड घ्यायचं, हा सगळा उद्योग फुकट आहे. चार डिस्कच्या रेड ५ ला (एक डिस्क गेली तरी डेटा राहतो ती रचना) ३ गिगाबिटचे पोर्ट पुरतात.

आमचं लग्नाच्या व्हिडिओचं काम. फुटेज ठेवायला इंटेल पी६७ चिपसेटचा (डिस्क वगैरे सांभाळणाऱ्या चिपचा) जुना बोर्ड वापरतो. २०११ सालच्या त्या चिपसेटमध्ये साटाचे सहा पोर्ट, पैकी ६ गिगाबिटचे दोनच, बाकी चार ३ चे. माझ्या दोन डिस्क ६ वर आहेत आणि दोन ३ वर. ज्याला सांगावं तो म्हणतो, तुझा अ‍ॅरे लंगडा आहे, चारही डिस्क ६ वर घे.

म्हणून तपासलं. लिनक्स बूट होताना कर्नलला, म्हणजे त्याच्या गाभ्याला, ‘लिबएटीए फोर्स’ हा पर्याय दिला की पोर्टचा वेग खाली बांधता येतो. केबल हलवायची गरज नाही, डिस्क त्याच राहतात. माझ्या ४ टीबीच्या ७२०० आरपीएमवाल्या डिस्क सलग वाचनात सुरुवातीच्या भागात सेकंदाला १८० एमबीच्या आसपास देतात. १.५ वर बांधल्या की १५० च्या आत अडकतात, ते दिसतंच. ३ आणि ६ मध्ये मात्र फरक शून्य.

तो असणार तरी कसा? साटात ८ बिट पाठवायला तारेवरून १० बिट जातात, म्हणजे ३ गिगाबिटचे सेकंदाला ३०० एमबी. चकतीच १८० देते तर रस्ता ३०० चा असला काय आणि ६०० चा असला काय. रँडमची तर गोष्टच नको. ७२०० आरपीएमला एक फेरा ८.३ मिलिसेकंदांचा, सरासरी अर्धा फेरा वाट बघायची, वर हेड सरकायला आठ-नऊ मिलिसेकंद. सेकंदाला जेमतेम ७५-८० वाचनं होतात. ४ केबीच्या तुकड्यांनी हिशेब केला तर एका डिस्कमागे अर्धा एमबीही नाही. त्याला १.५ चा पोर्टसुद्धा उधळपट्टी आहे.

आठवी_बे

४ टीबीच्या जुन्या डिस्क घेऊन निष्कर्ष काढलात, मग ‘फरक शून्य’ येणारच. आज १८-२० टीबीच्या डिस्क बाहेरच्या ट्रॅकवर २७०-२८५ देतात, कंपन्यांच्या डेटाशीटमध्येच आहे. ३ गिगाबिटचे ३०० हे कागदावरचे. प्रोटोकॉलचा खर्च वजा जाता हातात पडतात २७०-२८०. म्हणजे डिस्क छताला टेकली.

आणि रेड ५ मध्ये डेटाची प्रत्येक पट्टी तुकडे करून चारही डिस्कवर पसरलेली असते. सगळ्यात हळू डिस्क जो वेग देईल तोच सगळ्यांचा. दोन पोर्ट ३ चे असले की ६ वरच्या दोघी त्यांची वाट बघत बसणार. लंगडा म्हणणारे चुकीचं बोलत नाहीत.

निशाचर

गंमत अशी की हे सगळं गिगाबिट नेटवर्कच्या मागे बसून चाललेलं असतं. फाइल तुमच्या एडिटिंगच्या मशीनपर्यंत ११०-११५ नेच पोचते. त्याला एकच डिस्क पुरते.

आठवी_बे

@निशाचर, माझ्याकडे १० गिगाबिट आहे. सगळ्यांनी २०१० सालात राहावं असा नियम नाही.

केबलवाला

दोघंही एकेका पोर्टचा आकडा धरून बसलात. बेंचमार्क घ्यायलाच हवं, पण पोर्टचं नको, पुढे वाटा जिथे एकत्र येतात तिथलं घ्या.

उदाहरण पोर्ट मल्टिप्लायरचं. स्वस्तातल्या पाच खणांच्या बाहेरच्या पेटीत बहुधा हाच असतो. पाच डिस्क आणि बाहेर येणारी केबल एक. ती ३ गिगाबिटची असेल तर ३०० एमबी पाच जणींत वाटायचे, वाट्याला ६०. एका नळावर पाच बादल्या लावल्यासारखं आहे ते. अशा पेटीतली एकच डिस्क तपासली तर आकडा झकास येतो, पाचही एकदम वाचायला लावल्या की सत्य कळतं. रीबिल्डच्या, म्हणजे गेलेल्या डिस्कचा डेटा नव्या डिस्कवर भरण्याच्या, वेळी नेमक्या सगळ्या एकदमच चालतात. इथे लिंक ३ वरून ६ वर नेली की वाटा ६० वरून १२० वर जातो. शटरबंद, हा फरक तुमच्या ‘शून्या’त कुठे बसवणार?

आता उलट बाजू. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘६ गिगाबिट’ छापलेली दोन पोर्टची कार्डं मिळतात, त्यातली बरीच पीसीआय एक्स्प्रेस २.० च्या, म्हणजे कार्ड बसतं त्या स्लॉटच्या, एका लेनवर चालतात. त्या लेनची कमाल ५०० एमबी, तीही कागदावर. दोन पोर्ट मिळून तेवढेच. बोर्डाच्या ३ गिगाबिटच्या दोन पोर्टवरून काढून डिस्क इथे लावल्या तर ६०० ची सोय सोडून ५०० त आलात. वर पैसे दिले ते वेगळेच. पाच-सहा पोर्टच्या नव्या कार्डांवर जेएमबी५८५ किंवा एएसएम११६६ चिप असते. तिला पीसीआय एक्स्प्रेस ३.० च्या दोन लेन, साधारण दोन हजार एमबीपर्यंत. पण स्लॉट २.० चा असेल तर लगेच निम्मे.

म्हणून कार्ड घेताना साटाचा आकडा शेवटी बघा, आधी लेन मोजा.

शटरबंद

@केबलवाला, मल्टिप्लायरचं मान्य. पण माझा दावा थेट चिपसेटला लावलेल्या डिस्कचा आहे. तिथे सगळ्या डिस्कना प्रोसेसरपर्यंत नेणारी सामाईक वाट डीएमआय २.० ची, सुमारे २ जीबीची. चार डिस्क त्यात आरामात मावतात.

@आठवी_बे, २० टीबीची डिस्क २८५ देते ती बाहेरच्या कडेला. आत सरकत गेलं की वेग उतरत जातो, शेवटाला जवळपास निम्मा. ३ गिगाबिटचं छत डोक्याला लागतं ते फार तर सुरुवातीच्या थोड्या भागात, तेही दोन-चार टक्क्यांनी. त्यासाठी कार्ड?

आठवी_बे

रीबिल्डला दोन-चार टक्केही मोजावे लागतात. १६ टीबीची डिस्क सरासरी २०० ने भरली तरी २२ तास लागतात. तेवढा वेळ रेड ५ उघड्यावर असतो. त्यात दुसरी डिस्क गेली की लोकांची लग्नं गेली.

शटरबंद

२०० च्या वर तुमचा रीबिल्ड जातच नसेल! लिनक्सच्या एमडी रेडमध्ये (लिनक्समधलीच रेड चालवायची सोय) रीसिंकची, म्हणजे रीबिल्डचीही, कमाल मर्यादा मुळातच २,००,००० ठेवलेली असते, सेकंदाला किलोबाइटमध्ये, प्रत्येक डिस्कमागे. ती बदलली नसेल तर पोर्टच्या कितीतरी आधी कर्नल तुम्हाला अडवतो. एका ओळीत वाढते, फुकटात.

तसंच स्ट्राइप कॅशचं, म्हणजे पट्ट्या जमवायला रेड वापरतो त्या रॅमचं. रेड ५-६ साठी ती मुळात २५६ असते. ८१९२ केली की सलग लिहिण्याचा वेग डोळ्यांत भरेल इतका चढतो. चार डिस्कना त्यापायी रॅम जाते १२८ एमबी. ३ चा पोर्ट ६ चा करून असा फरक मिळालेला मी तरी पाहिला नाही. लोक मात्र आलेख पोर्टचेच काढतात.

तिसरी_घंटा

बेंचमार्क वेगासाठीच घ्यायचं असतं हे कुणी ठरवलं?

शटरबंद, तुमचा बोर्ड पी६७ चा आहे म्हणून विचारते. ३१ जानेवारी २०११ ला इंटेलने स्वतः जाहीर केलं होतं की त्या मालिकेच्या चिपसेटमधले ३ गिगाबिटचे पोर्ट काळानुसार खराब होऊ शकतात. ६ चे दोन पोर्ट, म्हणजे ० आणि १, त्यातून सुटले होते. दुरुस्त केलेल्या चिपच्या आवृत्तीला बी३ स्टेपिंग म्हणतात. बोर्ड जुन्या बाजारातून घेतला असेल तर स्टेपिंग बघितलंय का?

मी साटाचा वेग तपासते तो याच कारणासाठी. केबल सैल झाली किंवा पोर्ट दमला की लिंक गुपचूप ६ वरून ३ वर, ३ वरून १.५ वर उतरते. फाइल उघडते, सिनेमा चालतो, कुणाला पत्ता लागत नाही. कर्नलच्या नोंदींत ‘साटा लिंक अप’ची ओळ पाहा, तिथे चालू वेग दिसतो. स्मार्टची (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती यादी) १९९ क्रमांकाची नोंद, सीआरसी चुकांची, म्हणजे केबलवरून येताना बिघडलेल्या डेटाची, वाढत असेल तर डिस्कला दोष देण्याआधी केबल बदला. दर महिन्याच्या स्क्रबला (सगळा अ‍ॅरे वाचून तपासण्याला) लागलेला वेळ लिहून ठेवला तरी चालतं. ज्या महिन्यात तो अचानक वाढेल त्या महिन्यात मशीन उघडायचं.

निशाचर

+१. आणि एक विनंती. आकडे टाकताना चाचणी कशी घेतली तेही टाका. मागे कुणीतरी चार डिस्कच्या रेडचे ‘सेकंदाला ४ जीबी’ टाकले होते, ती त्यांची रॅम होती. एफआयओमध्ये (डिस्कचा वेग तपासायचं सॉफ्टवेअर) डायरेक्ट चालू ठेवा, म्हणजे रॅममधली कॅश मध्ये येत नाही. वाचन डिस्कच्या सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी वेगवेगळं घ्या.

विंडोजवाल्यांनी ‘बर्स्ट रेट’ नावाचा आकडा विसरून जावा. तो डिस्कवरच्या कॅशमधून येतो, त्यात ६ गिगाबिट नेहमीच जिंकतं.

(आणि कृपा करून लिहिण्याची चाचणी भरलेल्या अ‍ॅरेच्या कच्च्या डिव्हाइसवर चालवू नका. एफआयओ तुमच्या फाइलींना विचारत नाही.)

शटरबंद

@तिसरी_घंटा, स्टेपिंग बी३ आहे, घेतानाच बघितलं होतं. लिंक उतरण्याचा मुद्दा पटला, पण ते निदान झालं. ६ गिगाबिट विकत घ्यायला ते कारण होत नाही. ३ वर चालणारी लिंक १.५ वर उतरली तरी तसंच कळतं.

मी करतोय ते सांगतो. चारही डिस्क ३ च्या पोर्टवर नेतोय. मोकळ्या झालेल्या ६ च्या दोन पोर्टांवर दोन एसएसडी, मिरर करून, चालू प्रोजेक्टसाठी. साटा एसएसडीला ३ वर २७०-२८० मिळतात आणि ६ वर ५५० पर्यंत. इंटरफेस जिथे खरोखर अडवतो तिथे तो द्यावा.

आठवी_बे

वा, म्हणजे शेवटी ६ गिगाबिटचे पोर्ट लागलेच!

माझं मत तेच आहे. आता एकाच डिस्कमध्ये दोन अ‍ॅक्च्युएटर (हेड हलवणारे हात) असलेल्या डिस्कही निघाल्यात, सलग वेग ५०० च्या पुढे. डेटा सेंटरचा माल आहे, मान्य, पण आज डेटा सेंटरमध्ये जे असतं ते काही वर्षांनी लॅमिंग्टन रोडला येतं. तेव्हा ३ वर बसलेल्यांचा वेग थेट निम्मा होईल. मी एसएएस२००८ चिपचं जुनं सर्व्हर कार्ड घेतोय. पीसीआय एक्स्प्रेस २.० च्या आठ लेन आणि ६ गिगाबिटचे आठ पोर्ट. केबलवाल्यांच्या हिशेबानेही पास.

केबलवाला

लेनच्या हिशेबाने पास. फक्त ते कार्ड तुमच्या एक्स१६ लांबीच्या स्लॉटमध्ये लावाल त्यात खरोखर किती लेन जोडलेल्या आहेत ते मॅन्युअलमध्ये बघा, दुसऱ्या स्लॉटला पुष्कळदा चारच असतात. कार्डात रेडचं फर्मवेअर असेल तर आयटी मोडचं टाकून घ्या, म्हणजे डिस्क एमडीला सरळ दिसतील. आणि हीटसिंकवर पंखा बसवा. सर्व्हरच्या सोसाट्याच्या हवेसाठी बनलेली चिप आहे ती, घरच्या कॅबिनेटमध्ये हात लावून बघाल तर चटका बसेल.