फुकटचे एम्युलेटर, सोबत येणारे टूलबार आणि पैसे मागणाऱ्या खिडक्या : तुमचे अनुभव

जुने कॅसेटवाले गेम कॉम्प्युटरवर खेळायला एम्युलेटर (जुन्या गेम-मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम) उतरवला आणि त्याच्याबरोबर भलतंच काही आलं, असं बऱ्याच जणांचं झालंय. कुठल्या पायरीवर काय घुसलं, कसं काढलं, सविस्तर लिहा. नवीन लोकांना उपयोग होईल.

– सांगलीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. पोरं मारिओ-कॉन्ट्रासाठी काहीबाही उतरवतात आणि मशीन माझ्याकडे येतं. ब्राउझर उघडला की अनोळखी सर्चचं पान, वर टूलबारची चळत. एका इन्स्टॉलरमध्ये 'डिक्लाइन' इतकं फिकट राखाडी होतं की बटण बंदच आहे असं वाटावं. 'ॲक्सेप्ट' मात्र ठळक हिरवं, आणि नेमकं तिथेच जिथे आधीच्या पानावर 'नेक्स्ट' होतं. ही सरळसरळ लबाडी आहे, पोरांना रागावू नका. काढताना नुसतं अनइन्स्टॉल पुरत नाही. एक्स्टेन्शन्स, होमपेज, विंडोजचा टास्क शेड्युलर (ठरल्या वेळी प्रोग्राम आपोआप चालवणारी सोय), सगळं तपासा. नाहीतर रीस्टार्ट केल्यावर पाहुणे परत हजर.

– पैसे मागणाऱ्या खिडकीचा मला राग येत नाही. दुसऱ्या मशीनचा प्रोसेसर, ग्राफिक्स, आवाज सगळं सॉफ्टवेअरमध्ये उभं करायचं, तेही नोकरी सांभाळून! पीपीएसएसपीपी या पीएसपी गेमच्या एम्युलेटरची पद्धत मला पटते: गोल्ड आवृत्ती विकत घ्या नाहीतर फुकटची वापरा, सुविधा त्याच. मी गोल्ड घेतली.

– वरच्या प्रतिसादाशी अर्धा सहमत. मागा, जरूर मागा. पण आमच्याकडच्या एम्युलेटरमध्ये दर वेळी खिडकी यायची आणि सेकंद मोजून होईपर्यंत बंदच व्हायची नाही. मुलगी कंटाळून उठून जायची. शेवटी दुसरा एम्युलेटर टाकला.

– फाइल कुठून घेतली तेही लिहा. कित्येकदा मूळ लेखकाने काहीच घातलेलं नसतं, डाउनलोड साइट आपला इन्स्टॉलर वर चढवते. सोर्सफोर्ज या डाउनलोड साइटने २०१३ साली इन्स्टॉलरमध्ये जाहिराती घालून कमाई लेखकाबरोबर वाटून घ्यायची डेव्हशेअर योजना आणली तेव्हा निदान लेखकाची संमती असायची. २०१५ मध्ये गिम्प या चित्रं संपादित करायच्या सॉफ्टवेअरच्या विंडोज इन्स्टॉलरसोबत न विचारता जाहिराती जोडल्या. २०१६ मध्ये मालक बदलले आणि नव्यांनी ती योजनाच बंद केली.

– डॉल्फिन (गेमक्यूब-वी गेमसाठी) आणि एमजीबीए (गेमबॉय ॲडव्हान्ससाठी) हे दोन्ही एम्युलेटर मुक्तस्रोत आहेत, इन्स्टॉलरशिवायही मिळतात. फोल्डर उघडा, चालवा. आणि गेम म्हणून .एक्झे फाइल, म्हणजे विंडोजवर थेट चालणारा प्रोग्राम, आली तर तिला हात लावू नका. गेमबॉय ॲडव्हान्सचा गेम .जीबीए असतो.