गडबड झाली आणि फोनच लागेना तर? पोरीच्या मोबाईलमध्ये काय करून ठेवू?

स्लो_लोकल:
मंडळी, मुलगी यंदापासून बोरिवलीहून चर्चगेटला कॉलेजला जाणार, म्हणजे तीच वेस्टर्न लाईन. ११ जुलै २००६ ला ११ मिनिटांत सात स्फोट झाले तेव्हा मी अंधेरीला ऑफिसात होतो, आई घरून लँडलाईनवरून माझा नंबर फिरवत बसलेली आणि दर वेळी तेच, लाईन व्यस्त. चालत चालत रात्री उशिरा घरी पोचलो, तिने दार उघडलं तर रिसीव्हर हातातच, वायर पार दारापर्यंत ताणलेली. आता स्मार्टफोन आले, पण तशी वेळ आली तर ते तरी चालतील का? कुठलं ॲप टाकून देऊ?

टॉवरवाली:
दादा, ॲपचं नंतर बघू. मी नेटवर्कच्या कामात आहे म्हणून सांगते, टॉवर रोजच्या गर्दीच्या हिशोबाने लावलेला असतो, अख्खं स्टेशन एकदम फोन लावायला लागलं की कुणाचाच लागत नाही. कॉलला बोलणं संपेपर्यंत जागा अडवावी लागते, एसएमएस एवढासा, मिळेल त्या फटीतून सटकतो आणि समोरचा फोन सापडला नाही तर मागे थांबून राहतो, परत परत पाठवला जातो. म्हणून साधा एसएमएस, व्हॉट्सॲप त्यानंतर. आणि मराठीत टाईप केलं तर एका एसएमएसमध्ये ७० च खुणा मावतात, काना-मात्रा-वेलांटी सगळं वेगळं मोजतात, रोमन लिपीत १६०. तेव्हा 'ठीक आहे. दादर. मावशीकडे चाललेय.' बास, पुढचं घरी आल्यावर.
मदत हवी असेल तर ११२, पोलीस-ॲम्ब्युलन्स-फायर सगळ्याला एकच नंबर. २०१६ च्या नियमाप्रमाणे स्मार्टफोनचं पॉवर बटण लागोपाठ तीनदा दाबलं की इमर्जन्सी कॉल जायला हवा, साध्या फोनला ५ किंवा ९ दाबून धरायचं. पण ते सेटिंग प्रत्येक फोनमध्ये वेगळ्याच कोपऱ्यात असतं, आधी शोधून ठेवा.

नैरोबीकर:
एसएमएसला माझं पण मत. डिसेंबर २००७ च्या निवडणुकीनंतर केनिया पेटला तेव्हा आम्ही इथेच होतो, हजाराहून जास्त माणसं गेली. सरकारने टीव्ही-रेडिओवरचं लाईव्ह प्रक्षेपण बंद करून टाकलं, कुठला रस्ता चालू कुठला बंद काही कळेना. तेव्हा ओरी ओकोलोह नावाच्या बाईने ब्लॉगवर कल्पना मांडली आणि काही दिवसांत दोस्तमंडळींनी 'उशाहिदी' उभं केलं, स्वाहिलीत त्याचा अर्थ साक्ष. लोकांनी साध्या फोनवरून एसएमएस किंवा ईमेल करायचा, इथे जाळपोळ, इथे रस्ता अडवलाय, आणि ते नकाशावर टाकायचे. होता होईल तो पडताळून टाकायचे, हे महत्त्वाचं.
पण खरी पंचाईत वेगळीच होती, बॅलन्सची. दुकानं बंद म्हणजे स्क्रॅच कार्ड मिळेना, फोन हातात असून मुका. माझ्याकडे शेवटचे काही शिलिंग उरलेले, त्यातले निम्मे शेजाऱ्याच्या नंबरवर टाकले. पोरीचा रिचार्ज संपत आलाय का तेही बघत जा हो, आणि पॅकमध्ये एसएमएस आहेत का तेही.

सोलापूरची_चटणी:
नैरोबीकर, पडताळून हा शब्द ठळक करा. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच जणांना जमावाने ठेचून मारलं, मुलं पळवणारी टोळी आलीय अशा फॉरवर्डमुळे. आमच्या मंगळवेढ्याकडची भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती ती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच चॅटला फॉरवर्ड करता येईल असं केलं, पण कॉपी-पेस्टला कोण अडवणार? आमच्या घरचा नियम असा की स्वतः बघितलं असेल तरच पाठवायचं, कुठे आणि किती वाजता तेही लिहायचं. काकांनी पाठवलं, त्यांना मित्राने पाठवलं, हे चालणार नाही.

गिरणगावकर:
आणि व्हिडिओ? आमच्या पोरांना काही झालं की आधी लाईव्ह जायची घाई. २६/११ ला टीव्हीवरचं लाईव्ह बघून कराचीत बसलेले हँडलर आतल्या अतिरेक्यांना फोनवर सूचना देत होते, सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये कसाबच्या निकालात चॅनलवाल्यांना त्यावरून झापलंय. २०१५ पासून अशा कारवाईचं लाईव्ह दाखवायला टीव्हीला बंदी आहे, पण प्रत्येकाच्या खिशात आता एक चॅनल आहे त्याचं काय. माझं म्हणणं शूटिंग करू नका असं नाही, पुरावा लागतोच, पण सुरक्षित असाल तर करा आणि पोलिसांना द्या. अजून एक, कुणी लपून बसलं असेल तर त्याला फोन करू नका!! रिंग वाजली की संपलं. व्हायब्रेटसुद्धा बंद, टेबलावर घुर्रर्र आवाज येतोच.

स्लो_लोकल:
आई त्या दिवशी अडतीस वेळा फोन करत होती, हे वाचून पोटात गोळाच आला. बरं झालं मी लपलेलो नव्हतो.
काल रात्री मुलीला घेऊन बसलो. पॉवर बटण तीनदा दाबलं तर कॅमेरा उघडला आणि माझ्या नाकाचा फोटो निघाला.

टॉवरवाली:
दोनदा दाबलं की कॅमेरा असं शॉर्टकट असणार. सेटिंगमध्ये 'इमर्जन्सी' शोधा, काही फोनला पाचदा दाबावं लागतं. ट्राय म्हणून खरा कॉल लावू नका, आधीच तिकडे फुकटचे कॉल येत असतात.

स्लो_लोकल:
सापडलं, पाचदाच आहे. माझा, मावशीचा आणि घरचा नंबर कागदावर लिहून पासच्या कव्हरमध्ये घातलाय. आणि मेसेज तिने स्वतः ड्राफ्ट करून ठेवला, 'ठीक आहे. आईला सांग. फोन नको करू.'