जिल्हा परिषद शाळेसाठी व्यसन व हिंसा प्रतिबंधाचा वार्षिक आराखडा: सुरुवात कुठून करावी?

मुख्याध्यापक, जळगाव जिल्हा

नमस्कार. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या पहिली ते आठवीच्या जिल्हा परिषद शाळेचा मी मुख्याध्यापक आहे. मुले बहुतांशी केळीच्या बागांत मजुरीला जाणाऱ्या कुटुंबांतील असून पावरा आणि भिल्ल समाजाची मुले त्यांत बरीच आहेत. व्यसन आणि हिंसा यांच्या प्रतिबंधाचा वर्षभराचा आराखडा करून तो शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवायचा आहे.

आजवर या विषयावर जे झाले ते दिनविशेषांपुरते झाले. शाळा उघडून जेमतेम दहा दिवस होतात तोच २६ जूनच्या अमली पदार्थविरोधी दिनाची प्रभातफेरी, मग २ ऑक्टोबरची शपथ आणि अधूनमधून एखादे व्याख्यान. ३१ मेचा तंबाखूविरोधी दिन तर दरवर्षी उन्हाळी सुटीतच निघून जातो. दुसरीकडे, सहावी-सातवीच्या मुलांच्या खिशात तंबाखूच्या पुड्या सापडतात, पंक्चर काढण्याचे सोल्यूशन रुमालावर घेऊन हुंगण्याचे प्रकार कानावर येतात, आणि मधल्या सुटीत मोठी मुले लहानांकडून पैसे काढून घेतात, त्यावरून मारामाऱ्या होतात.

व्यसन आणि मारामारी यांसाठी दोन वेगळे उपक्रम घ्यावेत की एकच? पोलीस अधिकाऱ्यांचे किंवा व्यसनातून बाहेर पडलेल्या एखाद्या व्यक्तीचे व्याख्यान उपयोगी पडेल का? आणि आराखड्यात पहिली पायरी कोणती असावी? अनुभवी सदस्यांनी मार्गदर्शन करावे.

समुपदेशक, धुळे

सर, आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या दोन्हींची उत्तरे त्यावर अवलंबून आहेत. पहिली पायरी म्हणजे आपल्या शाळेत नेमके काय घडते याची नोंद. अमेरिकेत सरकारी शाळांना या कामासाठी केंद्राचा निधी मिळत असे, तेव्हा १९९८ पासून तिथल्या शिक्षण खात्याने त्याला अटी जोडल्या: आधी स्थानिक परिस्थितीची माहिती गोळा करा, तिच्यावरून मोजता येतील अशी उद्दिष्टे ठरवा, ज्याचा परिणाम संशोधनात दिसला आहे असाच उपक्रम निवडा आणि शेवटी त्याचे मूल्यमापन करा. आपल्याला ती यंत्रणा उभी करायची नाही, पण हा क्रम मात्र घेण्यासारखा आहे.

पाचवी ते आठवीच्या मुलांना नाव न लिहिता फक्त खुणा करायची एक पानी प्रश्नावली द्यावी. हस्ताक्षर ओळखले जाईल ही भीती मुलांना असते, म्हणून लिहायला काहीच ठेवू नये. मागच्या महिन्यात पुडी खाल्ली का, काही हुंगले का, कुणी मारले का, कुणी पैसे घेतले का, एवढे विचारले तरी पुरे. सोबत शाळेचा हाताने काढलेला नकाशा द्यावा आणि जिथे भीती वाटते तिथे फुली मारायला सांगावे. फुल्या बहुधा दोन-तीन ठिकाणीच दाटतात: स्वच्छतागृहामागची जागा, पाण्याची टाकी, घरी जायच्या वाटेवरचे एखादे वळण. त्या जागी मधल्या सुटीत एक शिक्षक उभा राहिला तर जो फरक पडतो, तो दहा व्याख्यानांनी पडत नाही.

सोल्यूशनची बाब मात्र कानावर आली म्हणून सोडून देऊ नये. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात हुंगण्याच्या पदार्थांचे प्रमाण १० ते १७ वयोगटात १.१७ टक्के आणि प्रौढांत ०.५८ टक्के आढळले. मुलांमधील प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त असलेला त्या सर्वेक्षणातला हा एकमेव प्रकार आहे. हुंगताना हृदयाची लय बिघडून अचानक मृत्यू येऊ शकतो आणि तो पहिल्याच वेळीही येऊ शकतो, हे शिक्षकांना आणि पालकांना स्पष्ट सांगावे. मुलांपुढे मात्र कोणता पदार्थ कसा हुंगतात याचे वर्णन करू नये. ज्यांना ठाऊक नाही त्यांना ते शिकवल्यासारखे होते.

आता व्याख्यानांविषयी. लॉस एंजेलिस येथे १९८३ मध्ये गणवेशातील पोलिसांनी वर्गावर जाऊन शिकवण्याचा कार्यक्रम सुरू झाला आणि तो अमेरिकाभर पसरला. नव्वदच्या दशकात त्याची तपासणी झाली तेव्हा मुलांची माहिती वाढलेली दिसली, पण पुढे व्यसन करण्याच्या प्रमाणात टिकाऊ फरक आढळला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक कार्यालयाने प्रसिद्ध केलेली मानकेही हेच सांगतात की, नुसती माहिती देणे, भीती घालणे आणि पूर्वी व्यसनी असलेल्यांचे अनुभवकथन यांचा शाळकरी मुलांवर चांगला परिणाम दिसत नाही. मित्राने पुडी पुढे केली तर नकार कसा द्यावा, राग आला तर काय करावे, याचा मुलांनी आपापसांत केलेला सराव उपयोगी पडतो. हा सराव व्यसनाला आणि मारामारीला सारखाच लागू पडतो, त्यामुळे दोन वेगळे उपक्रम घेण्याचे कारण मला दिसत नाही.

प्राथमिक शिक्षिका, नंदुरबार जिल्हा

समुपदेशक सरांच्या मताशी मी सहमत आहे, पण आपल्या भागाच्या दोन गोष्टी त्यात घालायला हव्यात. पावरा आणि भिल्ल कुटुंबांत मोहाची दारू देवाला चढवतात, ती सणावारी आणि लग्नकार्यातही असते. ‘दारू पिणारा राक्षस’ असे चित्र वर्गात लावले की मुलाला ते आपल्या बापाचे चित्र वाटते, आणि त्या दिवसापासून ते घरातले काही सांगत नाही. घरात रोज होणारी मारहाण मग शाळेला कधीच कळत नाही. म्हणून घरच्या रीतीवर टीका न करता, मुलाच्या वाढत्या शरीरावर दारूचा काय परिणाम होतो तेवढेच बोलावे, आणि तेही पावरी, भिली किंवा अहिराणी जाणणाऱ्या व्यक्तीने. पुस्तकी मराठीत विचारलेल्या प्रश्नाला मुले ‘हो सर’ एवढेच उत्तर देतात.

दुसरे वेळापत्रकाचे. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातकडे जातात आणि मुलेही सोबत जातात. सर्वाधिक जोखमीची मुले ही तीच असतात. सर्व महत्त्वाच्या तासिका जुलै ते दिवाळी या काळात बसवल्या नाहीत तर आराखडा कागदावर पूर्ण होईल आणि नेमक्या त्या मुलांपर्यंत पोहोचणार नाही. परत आलेल्या मुलांसाठी होळीनंतर पुन्हा दोन-तीन तासिका ठेवाव्यात.

आणि एक अप्रिय मुद्दा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांस मनाई आहे, तरी छडी अनेक वर्गांतून गेलेली नाही. प्रश्नावलीत ‘कुणी मारले’ याच्या पर्यायांत ‘शिक्षक’ हा पर्याय ठेवायचा की नाही, यावर आपल्या शिक्षकांच्या बैठकीत वाद होईल. तो ठेवावा, असे माझे ठाम मत आहे.

वकील व पालक सदस्य, शिरपूर

कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याच्या कलम ६ नुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीस आणि शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाहीत. त्याचा दंड जास्तीत जास्त दोनशे रुपये असल्याने टपरीवाल्याला त्याची फिकीर नसते. परंतु बालन्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७७ नुसार वैद्यकीय सल्ल्याशिवाय बालकास दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मुलांच्या हातून असा माल पोहोचवून घेणाऱ्यासाठी कलम ७८ आहे. आमच्या तालुक्यात डोंगरातील गांजाच्या शेतीवर पोलिसांचे छापे पडत असतात, त्यामुळे हे दुसरे कलम येथे पुस्तकी राहत नाही.

टपरीवाला बहुधा गावातलाच, कधीकधी पालकच असतो. म्हणून शाळा व्यवस्थापन समितीने आधी लेखी समज द्यावी आणि नंतर ग्रामपंचायतीकडे व पोलिसांकडे जावे. समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. हे काम मुख्याध्यापकांच्या एकट्याच्या सहीने होऊ नये, कारण त्यांची बदली होते आणि टपरी तिथेच राहते.

मुलाच्या खिशात पुडी सापडली म्हणून त्याला शाळेबाहेर काढू नये. आठवीपर्यंत नाव कमी करण्यास कायद्यानेच मनाई आहे. लैंगिक अत्याचाराची गोष्ट पुढे आली तर मात्र गुप्ततेचे आश्वासन पाळता येत नाही. पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि न कळवणे हा गुन्हा आहे. शाळेतील तक्रारपेटी उघडताना सखी सावित्री समितीच्या, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेसाठी नेमलेल्या शालेय समितीच्या, सदस्य हजर असाव्यात.

मुख्याध्यापक, जळगाव जिल्हा

सर्वांचे आभार. ‘शिक्षक’ हा पर्याय प्रश्नावलीत ठेवणार आहे. अडचण आता माणसांची आहे. आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांनी प्रशिक्षण घेऊन सहावीपासून पुढे तासिका घ्याव्यात असे आहे, आणि त्यातील अकरा विषयांत व्यसनप्रतिबंध व हिंसेपासून सुरक्षितता हे दोन्ही आहेत. पण आमच्याकडे प्रशिक्षित शिक्षकांकडेच शालेय पोषण आहाराच्या नोंदी आणि ऑनलाइन माहिती भरण्याचे काम आहे.

समुपदेशक, धुळे

बिहारमधील नालंदा जिल्ह्यात ७४ शाळांमध्ये ‘सेहेर’ नावाचा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. नववीच्या वर्गांसाठी काही शाळांत शिक्षकांनी आणि काही शाळांत बाहेरून नेमलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या साध्या कार्यकर्त्यांनी तेच उपक्रम घेतले: भित्तिपत्रक, तक्रारपेटी, गटचर्चा, एकेकट्या मुलाशी बोलणे. कार्यकर्ते असलेल्या शाळांत दादागिरी आणि मारहाण लक्षणीय घटली. शिक्षकांनी चालवलेल्या शाळांत फरक दिसला नाही. माझ्या मते कारण उघड आहे. जो गुण देतो आणि जो ओरडतो, त्याच्यापाशी मूल मन मोकळे करीत नाही.

तेव्हा गावातील बारावी झालेली, मुलांची बोली बोलणारी एखादी मुलगी किंवा मुलगा शोधावा आणि मानधनाचा प्रश्न समितीने ग्रामपंचायतीच्या निधीतून सोडवता येतो का ते पाहावे. तासिका नेमलेले शिक्षक घेतील, पण पेटी आणि एकेकट्याशी बोलणे या व्यक्तीकडे द्यावे. १०९८ ही बालकांची आणि १४४४६ ही व्यसनमुक्तीची मदतवाहिनी तिला तोंडपाठ असावी, आणि गंभीर अवस्थेतील मूल ग्रामीण रुग्णालयात कुणी न्यायचे हे आधीच ठरलेले असावे. प्रश्नावलीचा पहिला फेरा जुलैच्या पहिल्या आठवड्यात घ्या. दुसरा फेरा दिवाळीच्या सुटीआधी घ्या, म्हणजे ऊसतोडीला जाणारी मुलेही दोन्ही वेळा मोजणीत येतील.