शाळेत मनःस्वास्थ्याचा गूगल फॉर्म लावायचा आहे: कसा लावावा, काय टाळावं?

संगणक_कक्ष

नमस्कार. आठवी ते बारावीची अनुदानित शाळा, पट ६४०. समुपदेशक मॅडम आठवड्यातून दोनदा येतात, सोमवारी आणि गुरुवारी. संगणक कक्षात २० मशीन, सगळ्यांवर शाळेचं एकच लॉगिन. जीव द्यावासा वाटणारी मुलं वेळेत लक्षात यावीत म्हणून दर महिन्याला सगळ्या मुलांकडून गूगल फॉर्म भरून घ्यायचं ठरतंय. मुलं मोकळेपणाने लिहितील म्हणून नाव विचारायचं नाही, असा विचार आहे. शिवाय एका विक्रेत्याने मुलांच्या शाळेच्या ईमेलवर आणि चॅटवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर सुचवलंय. दोन्हींबद्दल जाणकारांनी सांगावं. प्रश्न कोणते घालावेत?

मनोमित्र_नाशिक

सर, निनावी फॉर्ममध्ये हा प्रश्न अजिबात विचारू नका. एखाद्या मुलीने "हो, रोज वाटतं" असं लिहिलं आणि ती कोण हे तुम्हाला कळलंच नाही, तर तिच्या दृष्टीने तिने सांगितलं आणि कोणी आलं नाही. निनावी फॉर्म शाळेच्या वातावरणाबद्दल ठेवा: चिडवाचिडवी कुठे होते, शाळेत कोणाशी बोलता येतं, मधल्या सुट्टीत एकटं कोण असतं. जिवाबद्दलचा प्रश्न नाव असलेल्या फॉर्ममध्येच, आणि तोही उत्तर वाचायला माणूस समोर असेल तेव्हाच.

आता हिशेब करा. ६४० मुलांनी एकाच दिवशी फॉर्म भरला आणि शंभरात पाच जणांची उत्तरं काळजीची निघाली असं नुसतं धरून चाला. ३२ मुलं झाली. प्रत्येकाशी ४० मिनिटं बोलायचं म्हणजे २१ तासांच्या वर. मॅडमना आठवड्यात १० तास मिळत असतील, तर शेवटचं मूल सांगून झाल्यावर दोन आठवडे वाट बघत बसणार. म्हणून एका वेळी एकच तुकडी घ्या. ६० मुलं, २०-२० च्या तीन गटांत, सोमवारी सकाळी साडेदहा ते बारा. दुपार बोलण्यासाठी मोकळी राहते आणि मंगळवारी शाळा असते. शनिवारी किंवा दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी कधीच नाही. अकरा तुकड्यांना अकरा सोमवार, म्हणजे वर्षात दोन फेऱ्या होतील. दर महिन्याचा हट्ट सोडा. तिसऱ्या महिन्यापासून मुलं न वाचता टिक करू लागतात.

प्रश्न स्वतः तयार करू नका. पीएचक्यू-९ या नैराश्य तपासणाऱ्या प्रश्नावलीची किशोरवयीनांसाठीची आवृत्ती, पीएचक्यू-ए, वापरा. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. बेरीज १० किंवा वर गेली की सविस्तर बोलणं. पण नववा प्रश्न, मरण बरं किंवा स्वतःला इजा करावी असं वाटण्याचा, बेरजेत धरून सोडून देऊ नका. तिथे "अजिबात नाही" सोडून काहीही आलं, बेरीज चार असली तरी, त्याच दिवशी भेट. सगळ्यात जास्त चूक इथेच होते: एकूण गुण कमी म्हणून नाव यादीतून गळतं.

मराठी मजकूर छापील आणि तपासलेला घ्या. घरी केलेल्या भाषांतरात "इजा" ऐवजी "त्रास" असा शब्द पडला, तरी उत्तरं बदलतात.

आणि विचारल्याने डोक्यात कल्पना शिरते ही भीती पालकसभेत हमखास निघेल. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांत २,३४२ मुलांवर नेमकं हेच तपासलं गेलं, २००५ साली ते प्रसिद्ध झालं. विचारलेल्या मुलांमध्ये ना अस्वस्थता वाढली ना तसे विचार.

लिनक्सवाला

फॉर्मची तांत्रिक बाजू. एकच लॉगिन असलेल्या मशीनवर मोठा धोका म्हणजे गूगल फॉर्म अर्धवट भरलेली उत्तरं आपोआप जपून ठेवतो, ३० दिवसांपर्यंत. एका मुलाने अर्धा भरून सोडला, तर त्याच लॉगिनवर पुढच्या मुलाला तीच उत्तरं दिसू शकतात. सेटिंग्जमध्ये प्रेझेंटेशनखाली ऑटोसेव्ह बंद करायची सोय आहे, ती वापरा. तिथेच उत्तरांचा सारांश दाखवायचा पर्याय असतो, तो बंद हवा, नाहीतर फॉर्म भरणाऱ्याला सगळ्या वर्गाचे आलेख दिसतील. सबमिट केल्यावर उत्तरं बदलण्याची परवानगीही बंद. ब्राउझर गेस्ट मोडमध्ये उघडा, प्रत्येक मुलानंतर खिडकी बंद करा. आणि दोन मशीनमध्ये एक खुर्ची रिकामी ठेवा. शेजारचा स्क्रीन दिसत असेल तर नवव्या प्रश्नाला कोणी खरं उत्तर देत नाही. मग एका गटात दहाच मुलं बसतील, वेळापत्रक तसं करा.

फॉर्म शाळेच्या खात्यात बनवा, शिक्षकाच्या खाजगी जीमेलवर नको. बदली झाली की उत्तरांची शीट त्यांच्याबरोबर जाते. शीटला दोघांनाच प्रवेश: समुपदेशक आणि एक नेमलेले शिक्षक. "लिंक असलेल्या कोणालाही" हा पर्याय बंद. शीटमध्ये नवव्या प्रश्नाच्या स्तंभाला कंडिशनल फॉरमॅटिंग (उत्तरानुसार आपोआप रंग) लावा, "अजिबात नाही" नसेल तर पूर्ण ओळ लाल. फेरी सुरू झाल्यावर पर्यायाच्या शब्दांना हात लावू नका. एक जागा जास्त पडली तरी सूत्र जुळत नाही आणि रंग बिघडतो.

बारा वाजले की उत्तरं स्वीकारणं बंद करा. बंद फॉर्मवर दिसणारा संदेश बदलता येतो, तिथे लिहा: "हा फॉर्म आत्ता कोणी वाचत नाही. बोलायचं असेल तर १४४१६ (टेली-मानस, सरकारी हेल्पलाइन), दिवसरात्र, मोफत." रात्री अकराला मुलाने लिंक उघडली तर त्याला निदान हे दिसेल. ईमेल सूचनेच्या भरवशावर फॉर्म चालू ठेवणं सगळ्यात वाईट.

सॉफ्टवेअरबद्दल माझं मत स्पष्ट आहे: घेऊ नका. आपली मुलं रोमन लिपीत मराठी लिहितात, प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं. "मेलो यार" हे गणिताच्या पेपराबद्दल असतं, आणि जे मूल खरंच खचलंय ते "सगळ्यांना सॉरी" एवढंच लिहितं. यंत्र पहिल्यावर बोंब मारतं, दुसऱ्यावर गप्प बसतं. शिवाय मुलं शाळेच्या चॅटवर मन मोकळं करणं सोडून देतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांच्या वर्तनावर पाळत ठेवायला बंदी आहे आणि पालकांची पडताळणीयोग्य संमती लागते. शाळांना काही सूट असली तरी ती कशी लागू होते हे वकिलाकडून लिहून घ्या, विक्रेत्याकडून नाही.

संगणक_कक्ष

दोघांचे आभार. फॉर्मवर "माहिती गुप्त राहील" असं लिहायचं ठरलं होतं, ते चालेल का? आणि लाल ओळ आली आणि नेमक्या त्या सोमवारी मॅडम रजेवर असतील तर?

मनोमित्र_नाशिक

मॅडम रजेवर असतील तर त्या सोमवारी फॉर्मच नाही. तरीही कोणीतरी एक शिक्षक तयार हवेतच, कारण मुलं फॉर्मची वाट बघत नाहीत, वहीच्या मागच्या पानावरही लिहितात.

"गुप्त राहील" हे वचन पाळता येत नाही, म्हणून देऊ नका. असं लिहा: "तुझी उत्तरं समुपदेशक मॅडम आजच वाचतील. तुझ्या जिवाला धोका वाटला तर आम्ही घरच्यांना सांगू, पण आधी तुला सांगू." बोलताना लैंगिक अत्याचार समोर आला, तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुलाला हेही आधीच माहीत असावं.

लाल ओळ आली की मुलाचं नाव माइकवरून पुकारू नका, शिपायाबरोबर चिठ्ठीही नको. तास बदलताना स्वतः जाऊन बोलावून आणा. दार लोटलेलं, फोन बाजूला, आणि सरळ विचारा: "जीव द्यावासा वाटतो का?" आडवळणाने विचारलं की मूलही आडवळणानेच उत्तर देतं. एएसक्यू हे चार प्रश्नांचं मोफत साधन इथे उपयोगी आहे. चारपैकी एकालाही "हो" आलं तर पाचवा: आत्ता, या क्षणी तसं वाटतंय का? त्यालाही "हो" असेल तर मुलाला क्षणभरही एकटं सोडायचं नाही, स्वच्छतागृहापर्यंतही सोबत. पालकांना फोन करून शाळेत बोलवा, व्हॉट्सअॅपवर काही लिहू नका. तोवर शाळेच्या फोनवरून १४४१६ लावा. मराठीचा पर्याय आहे. तिथून जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात. धोका घरातल्याच माणसाकडून असेल तर १०९८, मुलांसाठीची चाइल्डलाइन.

पाचव्याला "नाही" असेल तरी त्याच दिवशी मॅडमशी भेट आणि सुरक्षा योजना. सहा भाग: धोक्याची चाहूल कशी लागते, मी एकट्याने काय करू शकतो, कुठे जाऊन मन दुसरीकडे रमतं, कोणाला मदत मागू, कोणते नंबर, आणि घर सुरक्षित कसं करायचं. सहावा भाग पालकांबरोबरच भरावा: घरातली गोळ्या-औषधं आणि शेतावरची फवारणीची औषधं कुलुपात, किल्ली मोठ्या माणसाकडे. या योजनेचं अॅप असतं, पण फोन घरात सगळ्यांचा एकच असेल तर कंपासपेटीत मावेल एवढं कार्ड बरं.

पाटी_आणि_पडदा

एक भर. २५ जुलै २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांना किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायला सांगितलंय, कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण, आणि हेल्पलाइन नंबर वर्गांत, वसतिगृहात, संकेतस्थळावर ठळक लावणं. मॅडमचे दिवस वाढवून मागायला हा आधार आहे. नंबर क्यूआर कोडमध्ये लपवू नका, शाळेत मुलांकडे फोन नसतो. आकडेच मोठे छापा, ओळखपत्राच्या मागेही. छपाईआधी प्रत्येक नंबर लावून बघा.

आणि नुसत्या फॉर्मवर थांबू नका. युरोपातल्या दहा देशांत १६८ शाळा आणि ११,११० मुलं घेऊन तीन पद्धती तपासल्या गेल्या: शिक्षकांचं प्रशिक्षण, प्रश्नावलीने चाळणी, आणि मुलांबरोबरच भूमिका वठवत बोलण्याचा पाच तासांचा कार्यक्रम. २०१५ मध्ये निष्कर्ष आले. वर्षभरानंतर आत्महत्येचे प्रयत्न लक्षणीय घटले ते तिसऱ्यातच. "मैत्रिणीने मला सांगितलं, आता मी काय करू" हा प्रसंग वर्गात वठवायला संगणक लागत नाही.

निकालाचा दिवस वेगळा धरा. दहावी-बारावीचे निकाल ऑनलाइन लागतात तेव्हा शाळा उन्हाळी सुट्टीत असते आणि मूल स्क्रीनसमोर एकटं असतं. आदल्या आठवड्यात वर्गशिक्षकांनी १५-१५ मुलांचे फोन वाटून घ्यावेत. अनुत्तीर्णांना आणि ज्यांच्या घरात गुणांची फार अपेक्षा आहे अशांना त्याच दुपारी फोन, संध्याकाळी पुन्हा. पुरवणी परीक्षेच्या अर्जाची तारीख हाताशी ठेवूनच फोन करावा. फोन लागला नाही तर जवळ राहणाऱ्या शिक्षकाने घरी जावं.