कानात बोलणारा दिग्दर्शक : कॉमेंटरी ट्रॅक ऐकणाऱ्यांनो, अनुभव लिहा

२००३ च्या आसपासची गोष्ट. लायब्ररीतून 'द गॉडफादर'ची डीव्हीडी आणली होती. रिमोटवरचं 'ऑडिओ' बटण चुकून दाबलं गेलं आणि लग्नाच्या प्रसंगावर कुणी एक गृहस्थ निवांत इंग्रजीत बोलायला लागले. बाबा म्हणाले, "कॅसेट खराब दिलीय रे, परत देऊन ये." ते गृहस्थ म्हणजे खुद्द दिग्दर्शक कोपोला, हे कळायला मला दहा मिनिटं लागली. आपल्याला कधीही काढून टाकतील या धास्तीत त्यांनी हा सिनेमा केला होता. पडद्यावर ब्रँडो मांजर कुरवाळत रुबाबात बसलेला आणि कानात ही धास्ती! ते मांजरही पटकथेत नव्हतं म्हणे, स्टुडिओत भटकत होतं. बाबा झोपल्यावर आवाज बारीक करून सगळा सिनेमा असाच ऐकला. मूळ संवाद आठवडाभराने ऐकले.

अशी कॉमेंटरी, म्हणजे सिनेमा चालू असताना दिग्दर्शक किंवा इतर कुणी त्यावर बोलतात तो वेगळा ट्रॅक, तुम्ही ऐकता का? कुठली, कधी? न आवडणाऱ्यांनीही लिहा.

*

मी पोळ्या लाटताना ऐकायचे. लग्नानंतर मिनेसोटात आले तो पहिला हिवाळा, नवरा ऑफिसात, बाहेर बर्फ. सार्वजनिक वाचनालयातून 'द सिम्पसन्स' या कार्टून मालिकेचे डीव्हीडी संच फुकट मिळायचे आणि भागागणिक कॉमेंटरी. चार-पाच लेखक, चित्रकार एकमेकांची टर उडवत बसलेत, मध्येच पडद्यावर काय चाललंय तेच विसरतात, मग कुणीतरी म्हणतं, अरे हा विनोद कुणाचा? अर्धे संदर्भ कळायचे नाहीत. पडद्याकडे बघायचेही नाही. घरात माणसं आहेत एवढंच हवं असायचं.

*

नाही आवडत. 'टोटल रिकॉल'वर श्वार्झनेगर काय बोलतो ते ऐका. पडद्यावर जे दिसतंय तेच सांगत बसतो. ते काम आमची आत्या फुकट करते.

*

आत्याला नमस्कार सांगा! थोडा इतिहास. पहिली कॉमेंटरी १९८४ ची, क्रायटेरियन या कंपनीच्या 'किंग काँग' लेझरडिस्कवर (डीव्हीडीच्या आधीची मोठी चकती). १९३३ चा सिनेमा, आवाज मोनो, म्हणजे एकाच ट्रॅकचा, त्यामुळे डिस्कवर दुसरा ट्रॅक मोकळाच. डिस्कसाठी फिल्म उतरवून घेताना रोनाल्ड हेवर नावाचे अभ्यासक शेजारी बसून किस्से सांगत होते. हेच माइकसमोर बोला की, असं त्यांना सुचवलं गेलं. झालं.

आपल्याकडे हे का रुजलं नाही यावर माझं मत : मराठी सिनेमा घरोघरी पोचला तो व्हीसीडीवर, दोन चकत्यांत. डीव्हीडीवर आवाजाचे आठ ट्रॅक बसतात, व्हीसीडीवर अशी चैन नाही. दिग्दर्शकाला बोलायला जागाच नव्हती. आता ओटीटीवर जागा आहे, पण बोलायला कुणी बोलवत नाही.

*

वय वर्षं ७१, म्हणून हे आठवलं. आम्ही ब्रेबॉर्नवर मॅच बघायला जायचो तेव्हा शेजारचे काका ट्रान्झिस्टर कानाला लावून बसायचे. मॅच डोळ्यांसमोर, आणि कानात बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन. मी विचारलं, "काका, दिसतंय की सगळं." तर म्हणाले, "दिसतंय रे, पण कळायला नको?" नातवाने मध्यंतरी सांगितलं की २०१२ साली 'लूपर'च्या दिग्दर्शकाने थिएटरात इयरफोन लावून ऐकायला कॉमेंटरी काढली होती, दुसऱ्यांदा बघणाऱ्यांसाठी. म्हटलं, हे तर आमचे काकाच!

*

मी साउंडवाला, त्यामुळे माझं थोडं धंद्याचं. रॉजर एबर्ट या समीक्षकाची 'सिटिझन केन'वरची कॉमेंटरी तीनदा ऐकलीय. त्या सिनेमात कॅमेरा खालून वर बघतो, म्हणून खोल्यांना छत दाखवावं लागलं. एरवी सेटला छत नसतं, तिथूनच दिवे आणि माइक सोडतात. मग यांनी छत केलं कापडाचं आणि माइक ठेवले त्याच्या वर. आवाज कापडातून आरपार! हे कळल्यापासून कुठलाही जुना सिनेमा लागला की माझी मान वर जाते. बायको म्हणते, नटी खाली आहे.

*

सगळं वाचलं, पण मूळ प्रश्न राहिलाच. ती 'खराब' कॅसेट परत केलीत का?

*

(धागाकर्ता) केली. नऊ दिवस उशिरा. दंड बाबांनी भरला, आणि लायब्ररीवाल्याला वर सुनावलंही, की दुसऱ्यांना देण्याआधी दुरुस्त करून घ्या.