मदत हवी आहे : बार परीक्षेत वेळ कसा पुरवावा?

नमस्कार. मी दारव्हा तालुक्यात एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली काम शिकतो. अखिल भारतीय बार परीक्षेत (कायद्याच्या पदवीनंतर वकिली करण्यासाठी द्यावी लागणारी परीक्षा) १०० प्रश्नांना तीन तास मिळतात, चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत आणि टिपा नसलेले मूळ कायदे सोबत नेता येतात. तरीही नागपूर केंद्रावर माझे काही प्रश्न राहिलेच, कारण तोंडपाठ असलेले जुन्या भारतीय दंड संहितेचे कलम ३०२ (खुनाची शिक्षा) हे १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत १०३ झाले आणि अनुक्रमणिका चाळण्यातच वेळ गेला. (पहाटेच्या एसटीचा शीणही होताच.) नवी कलमे आधी पाठ करावीत की पुस्तक झटपट चाळण्याचा सराव करावा, हे मराठीतून परीक्षा दिलेल्यांनी कृपया सांगावे.